परदेशातील उदयोन्मुख बाजारपेठेत मालमत्ता घेताना पाळावयाची कायदेशीर दक्षता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उदयोन्मुख अर्थव्यवस्थेच्या देशात सदनिका, घर किंवा जमीन घेऊ इच्छिणाऱ्यांच्या मनात जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. येथे सांगितलेल्या तरतुदी कालांतराने बदलू शकतात. म्हणून व्यवहार ठरवताना त्या दिवशी कोणता नियम लागू आहे, हे त्या देशातील वकिलाकडून लेखी घ्यावे.

परदेशी नागरिकाला तेथे जमीन विकत घेता येते का?

किंमत, दृश्य आणि भाड्याचे उत्पन्न यांच्या आधी हा प्रश्न विचारायला हवा, आणि नेमका तोच बहुतेक वेळा विसार दिल्यानंतर विचारला जातो. थायलंड, फिलिपिन्स आणि कंबोडिया या देशांत परदेशी व्यक्तीला सर्वसाधारणपणे जमिनीची मालकी मिळत नाही. सदनिका मात्र मर्यादेत मिळते. थायलंडमध्ये एका इमारतीतील विक्रीयोग्य क्षेत्रफळाच्या ४९ टक्क्यांपर्यंत, फिलिपिन्समध्ये प्रकल्पाच्या ४० टक्क्यांपर्यंत, तर कंबोडियात २०१० च्या कायद्यानुसार तळमजला सोडून ७० टक्क्यांपर्यंत परदेशी मालकी चालते. व्हिएतनाममध्ये जमीन संपूर्ण जनतेच्या मालकीची मानली जाते. तेथे परदेशी खरेदीदाराला एका इमारतीतील ३० टक्क्यांपर्यंतच्या सदनिका ५० वर्षांच्या मुदतीने घेता येतात. केनियाच्या २०१० च्या राज्यघटनेने परदेशी व्यक्तीचा हक्क जास्तीत जास्त ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यापुरता मर्यादित केला आहे, आणि घानाच्या १९९२ च्या राज्यघटनेत ही मर्यादा ५० वर्षांची आहे.

जेथे मालकी मिळते तेथेही ठिकाण आणि क्षेत्र यांची बंधने असतात. मेक्सिकोत सीमेपासून १०० किलोमीटर आणि समुद्रकिनाऱ्यापासून ५० किलोमीटर या पट्ट्यात परदेशी व्यक्तीला थेट मालकी घेता येत नाही. तेथे बँक विश्वस्त म्हणून मालमत्ता धारण करते आणि खरेदीदार लाभार्थी असतो. या विश्वस्त व्यवस्थेची मुदत ५० वर्षे असून ती वाढवता येते. तुर्कीने २०१२ मध्ये परस्परतेची अट (म्हणजे खरेदीदाराच्या देशातही तुर्की नागरिकांना तसाच हक्क असण्याची अट) काढून टाकली, परंतु एका परदेशी व्यक्तीला देशभरात मिळून ३० हेक्टरची आणि एका जिल्ह्यातील खासगी जमिनीत सर्व परदेशी व्यक्तींना मिळून १० टक्क्यांची मर्यादा ठेवली. शिवाय कोणत्या राष्ट्रीयत्वाच्या व्यक्तींना हा हक्क आहे, हेही ठरवून दिलेले असते. शेतजमिनीबाबत नियम बहुधा आणखी कडक असतात. जॉर्जियात सदनिका घेणे अत्यंत सोपे असूनही २०१८ मध्ये लागू झालेल्या घटनात्मक तरतुदीमुळे शेतजमीन परदेशी व्यक्तीला सहसा मिळत नाही.

म्हणून “येथे परदेशी लोक घेतात” एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये. आपल्या राष्ट्रीयत्वाच्या व्यक्तीला, या विशिष्ट भूखंडावर किंवा या विशिष्ट सदनिकेवर, कोणता हक्क, किती मुदतीसाठी आणि कोणत्या कलमाखाली मिळतो, हे वकिलाने लिहून द्यावे. इमारतीतील परदेशी कोटा शिल्लक आहे की नाही, याचा दाखला इमारतीच्या व्यवस्थापनाकडून हस्तांतरणाच्या वेळी नव्याने घ्यावा. जाहिरातीतील विधान त्यासाठी पुरेसे नाही.

भाडेपट्टा “३० अधिक ३० अधिक ३०” वर्षांचा आहे, म्हणजे तो मालकीसारखाच नाही का?

नाही. थायलंडच्या दिवाणी आणि व्यापारी संहितेनुसार स्थावर मालमत्तेचा भाडेपट्टा एका वेळी ३० वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा असू शकत नाही, आणि तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा पट्टा नोंदवलेला नसेल तर तीन वर्षांपलीकडे त्याच्या आधारे दावा चालत नाही. पुढील दोन मुदतवाढी हे मूळ मालकाने दिलेले वचन असते. मालक मरण पावला किंवा त्याने जमीन तिसऱ्या व्यक्तीला विकली, तर ते वचन नव्या मालकावर बंधनकारक ठरवून घेणे अतिशय कठीण होते. ९० वर्षांच्या हिशोबाने किंमत मोजणारा खरेदीदार प्रत्यक्षात ३० वर्षे विकत घेत असतो आणि उरलेल्या ६० वर्षांची आशा घेत असतो. किंमत पहिल्या तीस वर्षांच्या हिशोबानेच ठरवावी.

इंडोनेशियात सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार निवासी परवाना असलेल्या परदेशी व्यक्तीला वापराचा हक्क ३० वर्षांसाठी मिळतो, आणि तो पुढे २० व ३० वर्षांनी वाढवता येतो. ही वाढ खासगी मालकाच्या मर्जीवर सोडलेली नसून कायद्यात लिहिलेली आहे. मात्र तीही अटींच्या अधीन आहे आणि तिच्यासाठी वेळेत अर्ज करावा लागतो. “मुदतवाढ मिळेल” असे दोन्ही ठिकाणी सांगितले जाते, पण ती देणार कोण, या एका गोष्टीने दोन्ही हक्कांची किंमत बदलते.

स्थानिक व्यक्तीच्या किंवा कंपनीच्या नावावर जमीन घेऊन आपल्याकडे गुप्त करार ठेवला तर चालेल का?

हा मार्ग दलाल, काही वेळा वकीलदेखील, अगदी सहज सुचवतात आणि “सगळे असेच करतात” असे वर सांगतात. सगळे तसे करत असतीलही, परंतु त्यामुळे तो व्यवहार कायदेशीर होत नाही.

इंडोनेशियाच्या १९६० च्या मूलभूत भूमी कायद्याच्या २६ व्या कलमानुसार परदेशी व्यक्तीकडे प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे पूर्ण मालकी जाईल असा व्यवहार मुळातच रद्दबातल ठरतो, जमीन शासनाकडे जाते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. सोबत केलेला कर्जाचा करार, अपरिवर्तनीय मुखत्यारपत्र आणि कोरे विक्रीपत्र ही कागदपत्रे खरेदीदाराला संरक्षण देण्याऐवजी कायदा टाळण्याचा हेतू सिद्ध करणारा पुरावा ठरू शकतात. थायलंडमध्ये जमीन घेण्यासाठी स्थानिक भागधारक केवळ नावापुरते उभे करणे हा गुन्हा आहे. फिलिपिन्समध्ये अशा बेनामी व्यवस्थेविरुद्ध १९३६ पासूनच स्वतंत्र कायदा आहे.

जोडीदाराच्या नावावरील खरेदी हा याच प्रश्नाचा अधिक नाजूक भाग आहे. पत्नी किंवा पती त्या देशाचे नागरिक असल्यास त्यांच्या नावावर जमीन घेणे अनेक ठिकाणी वैध असते, पण मग ती जमीन खरोखर त्यांचीच असते. फिलिपिन्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ मधील एका निकालात, पत्नीच्या नावावरील जमिनीसाठी आपण दिलेले पैसे परत मिळावेत ही परदेशी पतीची मागणी फेटाळली. घटनेतील मनाई ठाऊक असताना पैसे दिले असतील तर न्यायाच्या नावाखाली ते परत मागता येणार नाहीत, अशी न्यायालयाची भूमिका होती. विश्वास ठेवू नये, असा याचा अर्थ नाही. मात्र जी रक्कम गेली तरी चालेल तेवढीच अशा व्यवहारात घालावी.

खरा व्यवसाय करणारी, खरे भांडवल आणलेली आणि कायद्याने परवानगी दिलेली कंपनी ही वेगळी बाब आहे. केवळ घर धारण करण्यासाठी काढलेल्या कंपनीला दरवर्षी लेखापरीक्षण, विवरणपत्रे आणि कर यांचा खर्च असतो, आणि तपासणी झाली तर तिच्या भागधारकांनी पैसे कोठून आणले हे विचारले जाते.

विक्रेता खरोखरच मालक आहे, हे कसे तपासावे?

सर्वप्रथम त्या देशाची नोंदणी पद्धत समजून घ्यावी. दक्षिण ऑस्ट्रेलियात १८५८ मध्ये सुरू झालेल्या टॉरेन्स पद्धतीत नोंदवहीतील नाव हाच मालकीचा पाया असतो; फिलिपिन्स आणि मलेशियात ही पद्धत आहे. याउलट काही देशांत केवळ दस्त नोंदवले जातात. दस्त नोंदवला गेला याचा अर्थ विक्रेत्याकडे हक्क होता असा होत नाही. तेथे जुन्या व्यवहारांची साखळी मागे जाऊन तपासावी लागते.

एकाच देशातही कागदांची प्रतवारी असते. थायलंडमध्ये “चनोत” हा मोजणी झालेल्या, हद्दी निश्चित असलेल्या पूर्ण मालकीचा दाखला आहे. त्याखालच्या श्रेणीतील कागद ताब्याचा हक्क दाखवतात, तर शेतीसुधारणेखाली वाटलेल्या जमिनीचा कागद मुक्तपणे विकताच येत नाही. कंबोडियात १९७५ ते १९७९ या काळातील ख्मेर रूज राजवटीत जमिनीच्या नोंदी नष्ट झाल्या. आज तेथे राष्ट्रीय पातळीवर नोंदवलेला पक्का दाखला आणि स्थानिक प्रशासनाच्या पातळीवरचा कच्चा दाखला असे दोन्ही प्रकार चालतात. मोरोक्कोतही नोंदणीकृत मालमत्ता आणि पारंपरिक दस्तांवर चालणारी मालमत्ता यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकारात वारसांपैकी एखाद्याची सही राहून गेली असण्याची शक्यता नेहमी गृहीत धरावी. पश्चिम आफ्रिकेत जमीन कुळाची किंवा पारंपरिक प्रमुखाच्या अखत्यारीतील असू शकते, आणि एकच भूखंड अनेकांना विकल्याचे प्रकार तेथे नवे नाहीत. नायजेरियात १९७८ च्या भूमी वापर कायद्यामुळे हस्तांतरणाला राज्याच्या गव्हर्नरची संमती लागते. ती नसेल तर विक्रेता कितीही प्रामाणिक असला तरी हक्क अपुरा राहतो.

नोंदणी कार्यालयातील उतारा आपल्या वकिलाने स्वतः काढावा. विक्रेत्याने दिलेली प्रत, मग ती शिक्का मारलेली का असेना, केवळ माहिती म्हणून घ्यावी. उताऱ्यावर गहाण, जप्ती, न्यायालयीन मनाई, सुविधाधिकार (उदा. शेजाऱ्याचा रस्त्याचा हक्क) आणि भाडेकरूंची नोंद पाहावी, आणि हा शोध दोनदा घ्यावा : एकदा विसार देण्यापूर्वी आणि पुन्हा शिल्लक रक्कम देण्याच्या दिवशी. दोन शोधांच्या मधल्या काळात नवा बोजा चढवता येतो. कोस्टा रिका आणि जॉर्जियासारख्या देशांत ही नोंद ऑनलाइन पाहता येते. अशा ठिकाणी शोध न घेण्याला काहीच सबब उरत नाही. यानंतर परवानाधारक मोजणीदाराकडून हद्दी जागेवर ताडून घ्याव्यात, कारण कागदावरील भूखंड आणि दाखवलेला भूखंड वेगळे असल्याची प्रकरणे वाटतात तितकी दुर्मीळ नाहीत.

विक्रेत्याचे नाव नोंदवहीत आहे. तरीही जमिनीचा पूर्वेतिहास का पाहावा?

कारण काही जमिनींवर आजच्या मालकापेक्षा जुना आणि बलवान हक्क असतो. मेक्सिकोत क्रांतीनंतर शेतकरी समूहांना दिलेल्या सामूहिक जमिनी १९९२ च्या सुधारणेपर्यंत खासगी मालकीत आणता येत नव्हत्या, आणि आजही ती प्रक्रिया पूर्ण झाल्याशिवाय परदेशी व्यक्तीला केलेली विक्री टिकत नाही. बाहा कॅलिफोर्नियातील पुंता बांदा येथे किनाऱ्यावर घरे बांधून राहिलेल्या परदेशी रहिवाशांना २००० साली घरे सोडावी लागली. जमीन ज्यांनी भाड्याने दिली त्यांचा तिच्यावर हक्कच नाही, असे न्यायालयाने ठरवले होते. घरे खरी होती, भाडे भरलेले होते आणि करारही होते.

संघर्षग्रस्त प्रदेशात हा प्रश्न सीमेपलीकडे जातो. उत्तर सायप्रसमधील विस्थापित मालकाच्या जमिनीवर घर घेतलेल्या ब्रिटिश खरेदीदारांविरुद्ध सायप्रसच्या न्यायालयाने दिलेला निकाल युरोपीय संघाच्या इतर सदस्य देशांतही अमलात आणता येतो, असे संघाच्या न्यायालयाने २००९ मध्ये स्पष्ट केले. म्हणजे परदेशातील सदोष घराची किंमत मायदेशातील मालमत्तेतून वसूल होऊ शकते. युद्ध, क्रांती, राष्ट्रीयीकरण किंवा सक्तीचे स्थलांतर झालेल्या प्रदेशात, त्या घटनेच्या आधीपर्यंत मालकीची साखळी नेऊन पाहावी.

किनाऱ्यालगतच्या जमिनीबाबत वेगळीच काळजी लागते. कोस्टा रिकात १९७७ च्या कायद्याने किनाऱ्यापासूनचा बहुतांश २०० मीटरचा पट्टा सार्वजनिक ठरवला आहे; त्यातील पहिल्या ५० मीटरांवर कोणालाच हक्क नाही आणि उरलेल्या १५० मीटरांवर नगरपालिकेकडून ठरावीक मुदतीचा वापर परवाना मिळू शकतो, पण पाच वर्षे वास्तव्य नसलेल्या परदेशी व्यक्तीला तोही नाही. ब्राझीलमध्ये १८३१ सालच्या सरासरी भरतीरेषेपासून आतील ३३ मीटर जमिनीवर संघराज्याचा हक्क राहतो, आणि अशा जमिनीवरील हक्काच्या हस्तांतरणावर शासनाला वेगळे शुल्क द्यावे लागते.

नोटरी व्यवहार करतो आहे. मग वेगळा वकील कशासाठी?

मेक्सिको आणि रोमन कायद्याच्या परंपरेतील इतर अनेक देशांत नोटरी हा शासनाने नेमलेला, उच्च अर्हतेचा विधिज्ञ असतो. दस्त कायदेशीर आहे, पक्षकारांची ओळख पटली आहे आणि कर भरला गेला आहे, हे तो पाहतो. कराराच्या अटी आपल्या हिताच्या आहेत की नाहीत, विकासक दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आहे का, शेजारच्या भूखंडावर उंच इमारत मंजूर झाली आहे का, हे पाहणे त्याचे काम नव्हे. तो कोणाच्याही बाजूचा नसतो. म्हणूनच आपल्या बाजूचा कोणीतरी असावा लागतो.

हा वकील विक्रेत्याने, विकासकाने किंवा दलालाने सुचवलेला नसावा, आणि त्याचे शुल्क व्यवहार पूर्ण होण्यावर अवलंबून नसावे. “हा व्यवहार करू नका” असे सांगितल्यावरही ज्याला पूर्ण शुल्क मिळते, तोच वकील तसे सांगू शकतो. तो तेथील वकील परिषदेच्या यादीत आहे का, आणि त्याने यापूर्वी त्याच विकासकाचे काम केले आहे का, हे विचारून लेखी उत्तर घ्यावे. त्याचा शोध अहवालही लेखी असावा. दूरध्वनीवरील “सर्व ठीक आहे” याची पुढे कोणतीही जबाबदारी कोणावर येत नाही.

बांधकाम सुरू असलेल्या प्रकल्पात पैसे गुंतवावेत का?

येथे खरेदीदार अद्याप अस्तित्वात नसलेल्या वस्तूसाठी पैसे देतो; म्हणून ते पैसे कोठे ठेवले जातात, हा पहिला प्रश्न असतो. दुबईने २००७ च्या आठव्या कायद्याने विकासकाला प्रत्येक प्रकल्पासाठी स्वतंत्र एस्क्रो खाते (ज्यातील पैसे ठरलेल्या अटी पूर्ण झाल्यावरच विकासकाला मिळतात असे राखीव खाते) सक्तीचे केले, आणि २००८ मध्ये अपूर्ण प्रकल्पांतील विक्रीसाठी हंगामी नोंदवही आणली. त्यापाठोपाठ आलेल्या जागतिक मंदीत तेथील अनेक प्रकल्प रखडले, आणि नोंदणीकृत प्रकल्पात खात्यावर पैसे भरलेल्या खरेदीदाराची स्थिती विकासकाच्या नेहमीच्या खात्यात पैसे दिलेल्यापेक्षा वेगळी का असते, हे तेव्हा उघड झाले. ज्या देशात एस्क्रोची सक्ती नाही, तेथे ते करारातून मागावे किंवा बँकेची हमी मागावी. दोन्ही नाकारणारा विकासक प्रत्यक्षात खरेदीदारांच्या पैशावर इमारत उभारत असतो, आणि त्या कर्जाला तारण काहीच नसते.

त्यानंतर पुढील गोष्टी पाहाव्यात. भूखंड विकासकाच्या स्वतःच्या नावावर आहे की केवळ करारावर? त्यावर प्रकल्प कर्जाचे गहाण असल्यास, आपली सदनिका गहाणमुक्त करण्याचे बँकेचे लेखी आश्वासन आहे का? बांधकाम परवानगी नेमक्या याच इमारतीची आणि याच मजल्यांची आहे का? हप्ते दिनदर्शिकेनुसार न ठरवता बांधकामाच्या टप्प्यांनुसार ठरवावेत, आणि टप्पा पूर्ण झाल्याचा दाखला विकासकाऐवजी स्वतंत्र अभियंत्याने द्यावा. ताब्याची तारीख “अंदाजे” असू नये; विलंबाचा दंड, ठरावीक महिन्यांनंतर करार रद्द करून व्याजासह रक्कम परत घेण्याचा हक्क, आणि क्षेत्रफळ कमी भरल्यास किंमत कमी करण्याची अट करारात स्पष्ट असावी.

हप्ता चुकल्यास काय होते, हेही वाचावे. फिलिपिन्समध्ये १९७२ च्या कायद्यानुसार किमान दोन वर्षे हप्ते भरलेल्या निवासी खरेदीदाराला करार रद्द झाल्यास भरलेल्या रकमेचा निम्मा भाग परत मिळण्याचा हक्क आहे. असे संरक्षण सर्वत्र नाही. “हमीशुदा भाडे” देणाऱ्या योजनांबाबत एवढेच सांगता येईल की हमी देणाऱ्या कंपनीकडे स्वतःची मालमत्ता नसेल तर ती हमी केवळ जाहिरातीचा भाग असते, आणि ते भाडे बहुधा आधीच विक्री किमतीत मिळवलेले असते.

तयार घर घेताना कोणते परवाने पाहावेत?

बांधकाम परवानगी, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र हे तीन कागद जागेवरील इमारतीशी जुळवून पाहावेत. तुर्कीत भोगवट्याचा परवाना नसलेल्या इमारतीतील सदनिकाही विकल्या जातात. २०१८ मध्ये तेथे अनधिकृत बांधकामे नोंदवून घेण्याची योजना आली, परंतु त्या नोंदीमुळे इमारत भूकंपरोधक असल्याचे सिद्ध होत नाही; त्याची जबाबदारी मालकावरच राहते. फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपानंतर संरचनात्मक तपासणी ही ऐच्छिक बाब मानणे कोणालाही परवडणारे नाही. मागील मालकाची वीज, पाणी, मालमत्ता कर आणि सोसायटीच्या देखभालीची थकबाकी अनेक देशांत घरासोबत नव्या मालकाकडे येते, म्हणून थकबाकी नसल्याचे दाखले घ्यावेत.

करारनामा मला न समजणाऱ्या भाषेत आहे. इंग्रजी भाषांतर पुरेसे आहे का?

बहुतेक द्विभाषिक करारांत कोठेतरी “मतभेद झाल्यास स्थानिक भाषेतील मजकूर ग्राह्य” असे वाक्य असते. त्यामुळे विकासकाने दिलेले भाषांतर वाचून सही करणे म्हणजे एक कागद वाचून दुसऱ्यावर सही करणे होय. स्थानिक मजकुराचे भाषांतर स्वतः नेमलेल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडून करून घ्यावे, आणि तोंडी दिलेली प्रत्येक सोय करारात आली आहे का हे त्यात शोधावे.

किंमत दस्तात कमी दाखवण्याचा आग्रह होत आहे. त्यात माझे काय नुकसान?

विक्रेत्याचा कर वाचतो आणि धोका खरेदीदाराकडे येतो. पुढे हेच घर विकताना नोंदलेली कमी किंमत हीच खरेदीची किंमत धरली जाते, त्यामुळे भांडवली नफा फुगतो आणि विक्रेत्याने वाचवलेला कर खरेदीदार भरतो. व्यवहार रद्द झाला तर न्यायालयात नोंदलेली रक्कमच मागता येते. शासनाने मालमत्ता संपादित केली किंवा निवास परवान्यासाठी किमान गुंतवणूक सिद्ध करायची वेळ आली, तरीही तोच आकडा समोर येतो. शिवाय ही करचुकवेगिरी असते, आणि परदेशी व्यक्तीवर असा ठपका आला तर व्हिसाही अडचणीत येतो. नकार द्यावा, विक्रेता त्यामुळे मागे हटला तर हटू द्यावा.

पैसे कसे पाठवावेत, आणि ते परत आणता येतील का?

पैसे आत जाताना पुढे ते बाहेर कसे येतील याची तरतूद करावी लागते. थायलंडमध्ये परदेशी व्यक्तीच्या नावावर सदनिका नोंदवताना ती रक्कम परकीय चलनात देशाबाहेरून आल्याचा बँकेचा दाखला लागतो, आणि विक्रीनंतर रक्कम बाहेर नेतानाही तोच कामी येतो. मोरोक्कोत परकीय चलनातील गुंतवणुकीची योग्य नोंद झाली असेल तरच विक्रीची रक्कम आणि नफा सहजपणे बाहेर नेता येतो. रोख दिलेल्या, मित्राच्या खात्यातून वळवलेल्या किंवा हवालामार्गे पाठवलेल्या पैशाला असा दाखला कधीच मिळत नाही.

दुसरी बाजू स्वतःच्या देशातील परकीय चलन नियमांची आहे. चीनमध्ये व्यक्तीला वर्षाला ५०,००० डॉलरपर्यंतच परकीय चलन घेता येते, आणि २०१६ च्या अखेरीपासून त्यावरील देखरेख कडक झाली. त्याचा परिणाम मलेशियातील जोहोर येथील फॉरेस्ट सिटी प्रकल्पात दिसला. तेथे सदनिका घेतलेल्या अनेक चिनी खरेदीदारांना पुढील हप्ते पाठवता येईनात. हप्त्यांचा करार करण्याआधी शेवटचा हप्तासुद्धा आपल्या देशातून वैधपणे पाठवता येईल का, याची खात्री करून घ्यावी.

चलनाची घसरण हा कायदेशीर धोका नसला तरी करारात तो कोणाच्या वाट्याला आला आहे, हे पाहणे कायदेशीर काम आहे. इजिप्तमध्ये मार्च २०२२ मध्ये एका डॉलरला १६ पेक्षा कमी पौंड पडत होते आणि मार्च २०२४ नंतर सुमारे ५० पडू लागले. भाडे स्थानिक चलनात आणि हप्ते डॉलरमध्ये असतील, तर अशी घसरण थेट खरेदीदारावर येते.

सही करायला जाता येत नाही. मुखत्यारपत्र द्यावे का?

द्यावे, पण विशिष्ट कामापुरतेच. विशिष्ट मालमत्ता, विशिष्ट किंमत आणि संपण्याची तारीख त्यात असावी. विक्री, गहाण आणि पैसे स्वीकारण्याचे अधिकार वगळावेत. ते विक्रेत्याच्या माणसाला किंवा दलालाला कधीही देऊ नये. १९६१ च्या हेग कराराचे सदस्य असलेल्या देशांत अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचे शासकीय प्रमाणपत्र, चालते. इतर ठिकाणी दूतावासाकडून प्रमाणन करून घ्यावे लागते. काम झाल्यावर मुखत्यारपत्र लेखी रद्द करून ती नोंद संबंधित कार्यालयापर्यंत पोहोचवावी.

घर घेतल्यावर निवास परवाना किंवा नागरिकत्व मिळेल, असे सांगितले जाते.

घराचा हक्क आणि राहण्याचा हक्क या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, आणि दुसरी सरकारच्या धोरणावर चालते. तुर्कीत नागरिकत्वासाठीची किमान गुंतवणूक २०१८ मध्ये २,५०,००० डॉलर होती. जून २०२२ पासून ती ४,००,००० डॉलर झाली, आणि अशी मालमत्ता तीन वर्षे न विकण्याची नोंद करावी लागते. फॉरेस्ट सिटीबाबत तर २०१८ मध्ये मलेशियाचे तत्कालीन पंतप्रधान महाथीर मोहम्मद यांनी परदेशी खरेदीदारांना तेथे राहण्यासाठी व्हिसा मिळणार नाही, असे जाहीर केले होते. परवाना हे खरेदीचे मुख्य कारण असेल, तर तो नाकारला गेल्यास रक्कम परत मिळेल अशी अट करारात असावी. ती मान्य होत नसेल, तर विक्रेत्यालाही त्या परवान्याची खात्री नाही असे समजावे.

माझ्या पश्चात मालमत्ता कोणाला मिळेल?

स्थावर मालमत्तेचा वारसा अनेक देशांत ती जेथे आहे तेथील कायद्याने ठरतो. काही देशांत मुलांचा ठरावीक वाटा मृत्युपत्रानेही काढून घेता येत नाही, तर काही ठिकाणी धार्मिक कायदा लागू होतो. त्या मालमत्तेपुरते स्वतंत्र स्थानिक मृत्युपत्र करावे, आणि मायदेशातील मृत्युपत्रातील “पूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द” या नेहमीच्या वाक्यामुळे ते अनवधानाने रद्द होत नाही ना, हे पाहावे. मेक्सिकोतील बँक विश्वस्त व्यवस्थेत पर्यायी लाभार्थी आधीच नोंदवता येतो, ही तिची मोठी सोय आहे. ती नोंद करायला विसरू नये.

वाद झाल्यास दाद कोठे मागता येईल?

मालकीचा वाद जवळजवळ नेहमीच मालमत्ता जेथे आहे तेथील न्यायालयात चालतो; करारात दुसऱ्या देशाचा कायदा लिहिला तरी त्याला बगल देता येत नाही. पैशाच्या दाव्यासाठी मात्र लवादाचे कलम उपयोगी पडू शकते, कारण १९५८ च्या न्यूयॉर्क करारामुळे लवादाचा निवाडा बहुतेक देशांत अमलात आणता येतो. दोन देशांमधील गुंतवणूक संरक्षण करारांवर एका घराच्या खरेदीदाराने भिस्त ठेवू नये. तो मार्ग खर्चिक आहे आणि वैयक्तिक घर त्यात “गुंतवणूक” ठरेलच असे नाही.

नोंदणी झाली. आता काही करायचे उरते का?

उरते. खरेदीखत हाती आले म्हणजे नोंदवहीत नाव लागले असे नाही. स्वतःच्या नावाचा ताजा उतारा काढून नाव, क्षेत्र आणि मालमत्ता क्रमांक अक्षरशः तपासावा. दोन्ही देशांत त्या वर्षीच्या विवरणपत्रात मालमत्ता आणि तिचे उत्पन्न दाखवावे, आणि दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार असल्यास त्याचा लाभ घ्यावा. कराच्या नोटिसा ज्या पत्त्यावर येतात तो पत्ता चालू ठेवावा, कारण न मिळालेल्या नोटिशीवरूनही लिलाव होऊ शकतो. मोकळा भूखंड असेल तर कुंपण घालावे आणि तो नियमितपणे पाहण्याची व्यवस्था लावावी : ब्राझीलच्या १९८८ च्या राज्यघटनेनुसार शहरी भागातील २५० चौरस मीटरपर्यंतची जमीन पाच वर्षे विनाहरकत राहण्यासाठी वापरणाऱ्या व्यक्तीला, तिची अन्य मालमत्ता नसल्यास, त्या जमिनीची मालकी मागता येते. दरवर्षी एकदा नव्याने उतारा काढून त्यावर आपण न केलेली एखादी नोंद चढलेली नाही ना हे पाहावे, आणि तशी नोंद आढळल्यास त्याच आठवड्यात वकिलामार्फत हरकत दाखल करावी.